पंचवीस अंकांपाशी संपणारी वाट

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ ही पंचवीस अंकी संख्या पाहताक्षणी लक्षात राहावी अशी मुळीच नाही. ती ५ ने संपते, म्हणून मूळ संख्या नाही. तिच्या अंकांची बेरीज ११० येते आणि ११० ला ३ ने भागल्यास २ उरतात; पूर्ण वर्गाला ३ ने भागल्यास ० किंवा १ च उरतो, म्हणून ती कोणत्याही संख्येचा पूर्ण वर्गही असू शकत नाही. वाचायची म्हटली तर लाख-कोटींची भाषा अपुरी पडते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या यादीतले शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, त्या परार्धाने मोजायला घेतले तरी ही संख्या तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध भरते आणि वर सतरा अंकी शिल्लक उरते ती वेगळीच. तरीही आपल्या दशमान पद्धतीत लिहिल्या जाणाऱ्या साऱ्या पूर्ण संख्यांमध्ये तिला एक असा मान आहे, जो दुसऱ्या कोणत्याही संख्येला मिळालेला नाही आणि पुढे मिळणारही नाही. तो मान कोणता आणि तिलाच का, हे शाळेत शिकलेल्या भागाकारावर समजून घेता येते.

ही संख्या डावीकडून एकेक अंक उघडत वाचावी आणि जितके अंक उघडले असतील तितक्यांनी, उघडलेल्या भागाला भागून पाहावे. पहिला अंक ३, त्याला १ ने भाग जातोच. ३६ ला २ ने जातो, ३६० ला ३ ने जातो, ३६०८ ला ४ ने भागले की ९०२ येतात, ३६०८५ ला ५ ने भागले की ७२१७, ३६०८५२ ला ६ ने भागले की ६०१४२ आणि ३६०८५२८ ला ७ ने भागले की ५१५५०४. हा क्रम कुठेही न मोडता पुढे चालू राहतो आणि शेवटी संपूर्ण पंचवीस अंकी संख्येला २५ ने नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना गणितात पॉलीडिव्हिजिबल म्हणतात. या लेखापुरते मी त्यांना पायरीच्या संख्या म्हणतो. शून्य वगळता अशा संख्या एकूण २०४५६ आहेत, त्यांत पंचवीस अंकी फक्त ही एक आहे, आणि पंचवीसहून अधिक अंकांची एकही नाही. पायरीच्या संख्यांची यादी या संख्येपाशी संपते.

हा गुण ‘पुष्कळ संख्यांनी भाग जातो’ या गुणाहून वेगळा आहे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. मोबाइलवर दर काही महिन्यांनी एक निरोप फिरत असतो, ज्यात २५२० ला १ ते १० या सर्व संख्यांनी भाग जातो, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकारही २५२० च येतो, म्हणून ती कोणी तरी गूढ संख्या असल्याचे सांगितलेले असते. त्यातला हिशेब खरा आहे, पण गूढ काहीच नाही: २५२० हा १ ते १० यांचा लसावि आहे, आणि लसावि काढणे पाचवी-सहावीतल्या मुलालाही येते. आपल्या पंचवीस अंकी संख्येला तर २ ने सुद्धा भाग जात नाही. तिचे वैशिष्ट्य एका जागी साठवलेले नसून ते पायरीपायरीने तयार होत गेलेले आहे. सोलापूरच्या वाचकाला हे मागावरून चटकन कळेल: नवा बाण्याचा धागा आधी विणलेल्या कापडाला येऊन भिडतो, झालेली वीण उसवून त्याला जागा करून देता येत नाही. नवा अंक तसाच उजवीकडे येऊन बसतो. आधीचे अंक ठरून गेलेले असतात आणि प्रश्न एवढाच असतो की या नव्या लांबीने नव्या संख्येला भाग जातो की नाही.

आता पडताळा. पंचवीस भागाकार करायचे म्हटल्यावर दडपण येते, पण शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या आठवल्या तर बहुतेक काम नजरेनेच होते. २, ४, ८ आणि १६ यांच्यासाठी अनुक्रमे शेवटचा एक, दोन, तीन आणि चार अंक पाहणे पुरते. उदाहरणार्थ सोळा अंकी भाग ८४०० ने संपतो आणि ८४०० ला १६ ने भागले की ५२५ येतात, म्हणून त्या अख्ख्या सोळा अंकांना १६ ने भाग जातो. ५, १०, १५, २० आणि २५ या पायऱ्या शेवटच्या एकदोन अंकांवरून कळतात, फक्त १५ साठी अंकांची बेरीजही घ्यावी लागते. ३, ६, ९, १२, १८ आणि २४ यांना अंकांची बेरीज आणि शेवटचे अंक मिळून पुरे होतात: चोवीस अंकांची बेरीज १०५ आहे, तिला ३ ने भाग जातो, आणि शेवटचे तीन अंक ६७२, त्यांना ८ ने भाग जातो, म्हणून २४ ची पायरी पार पडली.

७, ११ आणि १३ या तिघांना मात्र शाळेत नेहमी शिकवली न जाणारी एक सुरेख युक्ती लागते. ७ × ११ × १३ हा गुणाकार १००१ येतो. त्यामुळे कोणतीही मोठी संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडावी, गटांची आलटून पालटून बेरीज-वजाबाकी करावी, आणि जे उत्तर येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर त्या मोठ्या संख्येलाही त्याने जातो. आपल्या संख्येच्या पहिल्या तेरा अंकांचे गट असे पडतात: ३, ६०८, ५२८, ८५०, ३६८. उजवीकडून घेतले तर ३६८ उणे ८५०, अधिक ५२८, उणे ६०८, अधिक ३. उत्तर उणे ५५९, आणि ५५९ म्हणजे १३ × ४३. तेरावी पायरी अशी दोन ओळींत सुटली. याच युक्तीने ७, ११, १४, २१ आणि २२ या पायऱ्याही तपासता येतात, १४, २१ आणि २२ यांच्या बाबतीत अनुक्रमे सम असणे, ३ ने भाग जाणे आणि पुन्हा सम असणे एवढे जोडीला पाहावे लागते.

मग राहतात १७, १९ आणि २३. या तिघांना सोपी वाट नाही. तिथे लांबलचक भागाकारच करावा लागतो. मे महिन्यात सोलापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्या वेळी करण्यासारखे हे काम आहे, आणि वाटते तितके ते कठीणही नाही, कारण भागाकाराचे उत्तर लिहायचे नसून केवळ बाकी पुढे न्यायची असते. १७ साठी पाहा. ३६ मधून ३४ गेले, उरले २. पुढचा अंक ० घेतला की २० झाले, उरले ३. पुढे ३८, उरले ४. ४५, उरले ११. ११२, उरले १०. १०८, उरले ६. ६८, उरले शून्य. पुन्हा ५ पासून सुरुवात: ५०, उरले १६, १६३, उरले १०, १०६, उरले ४, ४८, उरले १४, १४४, उरले ८, ८०, उरले १२, १२०, उरला १. सोळा अंक संपले आणि हाती १ उरला. सतरावा अंक आहे ७. एकापुढे सात, सतरा, बाकी शून्य. इथे ७ ऐवजी दुसरा कोणताही अंक असता तर संख्या तिथेच मोडली असती.

अशी संख्या स्वतः रचायला घेतल्याशिवाय तिच्यातली अडचण पुरती कळत नाही. सुरुवात कुठूनही करता येते; सोलापूरकराने ६८ पासून करावी. सिद्धरामेश्वरांनी या गावात स्थापलेली लिंगे अडुसष्ट, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक तैलाभिषेकासाठी जाते ती याच अडुसष्ट लिंगांना, त्यामुळे हा आकडा इथल्या पोरांनाही तोंडपाठ असतो. पूर्व भागातल्या ज्या घरात तेलुगू बोलतात तिथे, कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याकडे आणि मराठी शाळेच्या वर्गात हा खेळ एकसारखाच खेळता येतो, कारण त्याला पाटी आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही.

६ ला १ ने भाग जातो, ६८ ला २ ने जातो. तिसऱ्या जागी १, ४ किंवा ७ चालतात, कारण ६८१, ६८४ आणि ६८७ या तिन्हींना ३ ने भाग जातो. आपण ४ घेऊ. चौथ्या जागी ०, ४, ८ चालतात. ० घेऊ, झाले ६८४०. पाचव्या जागी ० किंवा ५, ५ घेऊ. सहाव्या जागी निवड उरतच नाही, ४ च लागतो: ६८४०५४. सातव्या जागी ० किंवा ७, ७ घेऊ. आठव्या जागी पुन्हा एकच अंक चालतो, २: ६८४०५४७२. नवव्या जागी अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी, म्हणून ० किंवा ९. मोह होतो तो ९ चा, तो घेऊ. दहावा अंक शून्यच. अकराव्या जागी ५ बसतो आणि ६८४०५४७२९०५ ला ११ ने भाग जातो. आता बारावी पायरी. बाराने भाग जायचा तर ३ नेही जायला हवा आणि ४ नेही. आतापर्यंतच्या अंकांची बेरीज ५०, त्यामुळे ३ साठी पुढचा अंक १, ४ किंवा ७ हवा. शेवटचा अंक ५ असल्यामुळे ४ साठी शेवटचे दोन अंक ५२ किंवा ५६ हवेत, म्हणजे पुढचा अंक २ किंवा ६ हवा. दोन्ही याद्यांत सामाईक असे काहीच नाही. बाकीचा हिशेब केला तर या जागी नेमके १० बसले असते, आणि १० हा अंक नाही.

इथे हताश न होता मागे यावे आणि नवव्या जागी नाकारलेले शून्य घेऊन पुन्हा निघावे. मग ६८४०५४७२००, त्यापुढे ३ घेऊन अकरावी पायरी, त्यापुढे ६ घेऊन बारावी: ६८४०५४७२००३६. एक पायरी जास्त मिळाली. तेराव्या पायरीवर हिशेब पुन्हा १० मागतो आणि ही वाटही खुंटते. आधीच्या प्रत्येक निवडीपाशी परत जाऊन दुसरी शाखा धरता येते, आणि धरायलाच हवी, कारण कोणती शाखा दूरवर जाईल हे पहिल्या काही अंकांवरून ओळखण्याचा कोणताही मार्ग दिसत नाही. नवव्या जागी ९ चांगला दिसत होता आणि ० ने एक पायरी अधिक दिली, यामागे सांगण्यासारखे कारण नाही. ते तसे निघाले इतकेच.

मात्र वाट कुठपर्यंत हमखास जाईल आणि कुठून धोका सुरू होईल, हे अगदी नेमके सांगता येते. उजवीकडे एक अंक वाढवायचा म्हणजे ० ते ९ असे दहा पर्याय, आणि त्यांतून तयार होणाऱ्या दहा संख्या एकापाठोपाठ एक येणाऱ्या असतात. सलग दहा संख्यांमध्ये ७ ची पट किमान एक असतेच, ८ ची असते, ९ ची असते आणि १० ची बरोबर एक असते. म्हणून दहाव्या पायरीपर्यंत कोणतीही पायरीची संख्या अडत नाही. प्रत्येकीला पुढे जायला निदान एक दार उघडे असते. अकराव्या पायरीपासून ही हमी जाते. सलग दहा संख्यांत ११ ची पट असेलच असे नाही, आणि भाजक जसजसा मोठा होत जातो तसतशी ती असण्याची शक्यता घटत जाते: चोविसाव्या पायरीवर चोवीसपैकी दहा, पंचविसाव्या पायरीवर पंचवीसपैकी दहा.

संख्यांची मोजदाद याच कारणाची साक्ष देते. एक अंकी पायरीच्या संख्या ९. दुसऱ्या जागी प्रत्येकीला पाच सम अंक चालतात, म्हणून दोन अंकी ४५. पुढे १५०, ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७ आणि नऊ अंकी २४९२. दहा अंकीही बरोबर २४९२ च, आणि हे योगायोगाने झालेले नाही: दहाव्या जागी प्रत्येक संख्येला शून्य आणि केवळ शून्यच चालते, त्यामुळे कोणी गळत नाही आणि कोणाला दोन वारस मिळत नाहीत. त्यानंतर उतार सुरू होतो. अकरा अंकी २२२५, मग २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३ आणि शेवटी १. या पंचवीस संख्यांची बेरीज वर दिलेली २०४५६. पंचवीस अंकी संख्या म्हटली की चाळायच्या संख्या अगणित असतील असे वाटते, पण प्रत्यक्षात या २०४५६ संख्यांपुढे दहा-दहा अंक लावून पाहायचे, म्हणजे सुमारे दोन लाख भागाकार. साध्या संगणकाला त्यासाठी फार वेळ लागत नाही. सर्वांत मोठी संख्या हीच, हे विधान कोणाच्या शब्दावर विसंबून ठेवावे लागत नाही, ते अशा संपूर्ण चाळणीने सिद्ध होते.

उताराची शेवटची पायरी जवळून पाहण्याजोगी आहे. चोवीस अंकांपर्यंत तीनच संख्या पोहोचतात: १४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२ आणि ४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६. २५ ने भाग जाण्यासाठी शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ असावे लागतात. पहिली आणि तिसरी संख्या ६ ने संपते, म्हणून पुढे कोणताही अंक लावला तरी शेवटचे दोन अंक ६० ते ६९ यांतलेच होणार आणि त्यांत २५ ची पट नाही. या दोघी इथेच बाद झाल्या, मागच्या तेवीस अंकांनी काय काय साधले होते याला काही किंमत उरली नाही. मधली संख्या २ ने संपते. तिच्यापुढे ५ लागला की २५ होतात. चोवीस पायऱ्यांची ही सारी खटपट शेवटी एका दोनावर आणि एका सहावर निकालात निघते.

मग या एकट्या उरलेल्या संख्येपुढे सव्विसावा अंक का बसत नाही? २६ म्हणजे २ × १३. आपल्या संख्येला १३ ने भागल्यास ९ उरतात. उजवीकडे शून्य लावले की संख्या दसपट होते, बाकी ९० होते, आणि ९० मधून १३ च्या पटी काढल्या की १२ उरतात. म्हणजे तेराने भाग जायला पुढच्या अंकाने १ ची भर घालायला हवी. पण १ विषम आहे आणि २६ ला सम अंक हवा. १ नंतर तेराच्या हिशेबाने चालणारी पुढची संख्या १४. ती सम आहे, सगळ्या अटी पुऱ्या करते, फक्त तिला बसायला एका अंकाची जागा पुरत नाही. त्यामुळे सव्वीस अंकी पायरीची संख्या अस्तित्वात नाही. सत्तावीस किंवा तीस अंकीही नाही, कारण तशी एखादी असती तर तिचे पहिले सव्वीस अंक हीच सव्वीस अंकी पायरीची संख्या ठरली असती.

हा शेवट पंचवीसच्या आसपासच का यावा, याचाही ढोबळ अंदाज चाळणी न लावता बांधता येतो, आणि मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो. सर्व पंचवीस अंकी संख्या मिळून नवावर चोवीस शून्ये इतक्या होतात. त्यांपैकी दुसऱ्या पायरीतून निम्म्या पार होतील, तिसरीतून एकतृतीयांश, चौथीतून एकचतुर्थांश असे धरत गेले, तर एकूण संख्येला १ × २ × ३ × … × २५ या गुणाकाराने भागावे लागते. हा गुणाकार १५५११२१००४३३३०९८५९८४००००००, आणि भागाकार येतो सुमारे ०.५८. म्हणजे पंचवीस अंकी पायरीच्या संख्या ‘अर्ध्याहून थोड्या अधिक’ असाव्यात. प्रत्यक्षात एक आहे. दहा अंकांसाठी हाच हिशेब २४८० सांगतो, प्रत्यक्ष आकडा २४९२. वीस अंकांसाठी ३७ सांगतो, प्रत्यक्षात ४४. सव्वीस अंकांसाठी हा अंदाज ०.२२ वर घसरतो. अंदाजाने सिद्धता होत नाही आणि सव्वीस अंकी एखादी संख्या निघाली असती तरी त्याने कोणता नियम मोडला नसता. पण संख्या कुठवर पोहोचतील याची कल्पना त्यावरून आधीच येते, आणि ती खरी ठरते.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. हा सारा गुण संख्येचा जितका आहे, तितकाच ती लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. मूळ संख्या कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी मूळच राहते. पायरीची संख्या मात्र दहाऐवजी दुसऱ्या पायावर लिहिली की बहुधा पायरीची उरत नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर पायरीच्या संख्या दोनच: १ आणि १०, म्हणजे आपले एक आणि दोन. तिसरी पायरी तिथे कोणालाच चढता येत नाही, कारण १०० आणि १०१ म्हणजे चार आणि पाच, आणि त्यांना तीनने भाग जात नाही. या कारणासाठी काही गणिती अशा विषयाला करमणुकीत जमा करतात. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याही वाट्याला बराच काळ अशीच उपेक्षा आली. अंकांच्या गमतींवर त्यांनी केलेल्या कामातला ६१७४ हा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव त्यांचेच. आपल्या पंचवीस अंकी संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, ११० ने, भाग जात नाही. पण तिचा पहिल्या नऊ अंकांचा भाग, ३६०८५२८८५, हर्षद आहे, कारण त्या अंकांची बेरीज ४५ आणि भागाकार ८०१८९५३. करमणूक म्हणून हिणवायचे असेल तर हिणवावे. सलग दहा संख्यांत पट सापडते की नाही, हा त्यामागचा युक्तिवाद मात्र कोणत्याही ‘गंभीर’ गणितात शोभेल असाच आहे.

पंचवीस अंकी संख्या शोधायला संगणक लागतो, पण तिची एक धाकटी बहीण हाताने, एका बैठकीत सापडते. अट अशी की नऊ अंकी पायरीची संख्या रचायची आणि तिच्यात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच यायला हवेत. पाचवा अंक ५ असणार, कारण शून्य घ्यायचे नाही. दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा अंक सम असायला हवा, त्यामुळे २, ४, ६, ८ हे चारही तिथेच खपतात आणि विषम अंक विषम जागी येतात. तिसरा अंक विषम असल्याने ४ ने भाग जायला चौथा अंक २ किंवा ६ हवा. विषम सातव्या अंकामुळे आठवाही २ किंवा ६ च. उरलेले ४ आणि ८ दुसऱ्या आणि सहाव्या जागी जातात. पहिल्या तीन अंकांना ३ ने आणि पहिल्या सहा अंकांना ६ ने भाग जातो, म्हणून चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अंकांची बेरीजही ३ च्या पटीत यायला हवी, आणि ती साधणारे संच दोनच: २५८ आणि ६५४.

पहिल्या संचात दुसरा अंक ४ आणि आठवा ६ होतो. पहिल्या तीन अंकांसाठी मग १ आणि ७ हीच जोडी चालते, आणि सातवा अंक ९ उरतो. सात अंकी उमेदवार दोन: १४७२५८९ आणि ७४१२५८९. दुसऱ्या संचात दुसरा अंक ८ आणि आठवा २, त्यामुळे ८ ची कसोटी सातव्या जागी ३ किंवा ७ मागते, आणि तीनची कसोटी लावून आठ उमेदवार उरतात: १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७ आणि ९८१६५४७. आतापर्यंत ७ ने भागायची वेळच आलेली नव्हती. आता या दहा जणांना ७ ने भागून पाहावे. नऊ जणांची बाकी शून्य येत नाही. ३८१६५४७ ला मात्र भाग जातो आणि भागाकार ५४५२२१ येतो. पुढे २ आणि मग ९ ठेवला की ३८१६५४७२९ तयार होते. नवव्या पायरीची काळजीच नाही, कारण १ ते ९ यांची बेरीज ४५. या अटीत बसणारी दुसरी संख्या नाही.

हिच्यापुढे शून्य लावले की दहाही अंक वापरलेली ३८१६५४७२९० मिळते आणि १० ची पायरी आपोआप पार पडते. तिथून पुढे तिला निवड अशी कुठेच मिळत नाही: अकराव्या जागी फक्त ६ चालतो, बाराव्या जागी फक्त ०, तेराव्या जागी फक्त ८. ३८१६५४७२९०६०८ या तेरा अंकांवर ती थांबते, कारण चौदाव्या जागी तिला १२ हवे असतात.